कविता पाठ करा, रसग्रहण नको

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या इंग्रजीची लेखी परीक्षा 80 गुणांची असते आणि त्यांपैकी 14 गुण कवितेचे असतात. दहा गुण दिलेल्या ओळींवरच्या कृतींना, चार गुण रसग्रहणाला. 2020 पासून वापरात आलेल्या 'युवकभारती' पुस्तकात कविता आठच आहेत. वॉल्ट व्हिटमनच्या 'साँग ऑफ द ओपन रोड'पासून ममंग दाई यांच्या 'स्मॉल टाउन्स अँड रिव्हर्स'पर्यंत. रसग्रहणाचे मुद्देही ठरलेले आहेत: कवी आणि शीर्षक, आशय, शैली, भाषेची वैशिष्ट्ये व अलंकार, संदेश किंवा मूल्ये, आणि शेवटी स्वतःचे मत. मुद्दे ठरलेले आहेत म्हणजे उत्तरही ठरलेले असणार, असा समज इथूनच सुरू होतो. मग आठ कवितांची आठ तयार रसग्रहणे गाइडमधून किंवा क्लासच्या नोट्समधून वहीत उतरतात, फेब्रुवारीपर्यंत पाठ होतात, आणि मूळ कविता मात्र वर्गात एकदा वाचून झाल्यावर पुन्हा उघडली जात नाही. ही उजळणी उलट्या बाजूने चाललेली आहे. कवितेच्या बाबतीत गुण मिळवून देणारी तयारी आणि खरे वाचन ही दोन वेगळी कामे नाहीत, ते एकच काम आहे. परीक्षेसाठी एक अभ्यास आणि आवडीसाठी दुसरा, अशी वाटणी केली की दोन्ही फसतात. हे म्हणणे केवळ सदिच्छेचे नाही. त्याला पुरावा आहे. साहित्याच्या अभ्यासातला आहे आणि स्मरणशक्तीच्या अभ्यासातलाही आहे.

आधी साहित्याचा पुरावा पाहू. 1920 च्या दशकात केंब्रिज विद्यापीठात आय. ए. रिचर्ड्स या प्राध्यापकाने एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांच्या हाती त्याने कविता दिल्या, पण कवीचे नाव दिले नाही, काळही सांगितला नाही. ती कविता निवांतपणे, पुन्हा पुन्हा वाचायची आणि काय वाटले ते लिहून द्यायचे, एवढीच अट. जमलेल्या टिपणांचे विश्लेषण त्याने 1929 मध्ये 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या पुस्तकात मांडले. निष्कर्ष धक्कादायक होते. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा, आणि ज्यांचे शिक्षण त्या देशातल्या उत्तम संस्थांत झालेले, अशा कित्येकांना कवितेचा साधा, सरळ अर्थही लागलेला नव्हता. वाक्याचा कर्ता कोण, कोण कोणाशी बोलते आहे, इथेच ते घसरले होते. काहींनी कवितेतला एखादा ओळखीचा विषय पाहिला आणि त्या विषयाबद्दल मनात आधीच तयार असलेली भावना कागदावर ओतली. समोरची कविता काय म्हणते ते बघितलेच नाही. रिचर्ड्सने वाचकाच्या अडचणींची जी यादी केली तिच्यात या साच्यातल्या प्रतिसादांना महत्त्वाची जागा आहे. म्हणजे कविता अवघड जाते ती केवळ इंग्रजी कच्चे असल्याने, हे खरे नाही. इंग्रजी पक्के असलेलेही अडखळतात, कारण ते ओळींकडे न पाहता स्वतःच्या तयार मताकडे पाहतात.

आता तयार रसग्रहणाकडे या नजरेने पाहावे. त्यात नेमका साच्यातला प्रतिसादच छापलेला असतो. कविता कष्टकऱ्यांवर असेल तर श्रमाचे मोल, वडिलांवर असेल तर ज्येष्ठांचा आदर, पैशावर असेल तर पैशाने सुख मिळत नाही. ही वाक्ये खोटी नाहीत. अडचण अशी की ती कविता न वाचताही लिहिता येतात. शीर्षक वाचले की पुरे. आणि जे वाक्य कविता न वाचता लिहिता येते, ते कविता वाचल्याचा पुरावा होऊ शकत नाही. परीक्षकाला हवा असतो तो हा पुरावा. म्हणून उजळणी करताना प्रत्येक वाक्याला एकच कसोटी लावावी: हे वाक्य फक्त याच कवितेबद्दल खरे आहे का? ते दुसऱ्या चार कवितांनाही चिकटत असेल, तर ते खोडावे आणि पुन्हा ओळींकडे जावे.

ओळींकडे जाणे म्हणजे काय, ते दोन कवितांवर बघू. सरोजिनी नायडूंची 'इंडियन वीव्हर्स' ही त्यांच्या 1905 च्या 'द गोल्डन थ्रेशोल्ड' या संग्रहातली कविता. तीन कडवी, प्रत्येकी चार ओळी, लागोपाठच्या दोन ओळींत यमक. पहिल्या कडव्यात पहाट आणि नवजात बाळाचे निळे वस्त्र, दुसऱ्यात सांज आणि राणीच्या लग्नाचा जांभळा-हिरवा शेला, तिसऱ्यात गार चांदणे आणि प्रेतावरचे पांढरे कापड. जन्म, विवाह, मृत्यू. इथपर्यंत प्रत्येक गाइड येऊन थांबते. पण कवितेची रचना प्रश्नोत्तरांची आहे, तेव्हा प्रश्नांकडे थोडे थांबून बघावे. पहिल्या दोन कडव्यांत विचारणारा विणकरांना 'का' विणता असे विचारतो; तिसऱ्यात तो 'काय' विणता असे विचारतो. पहिल्या दोन प्रश्नांत वस्त्राला विशेषण आहे, ते आनंदी आहे, झळझळीत आहे. तिसऱ्या प्रश्नात वस्त्राला विशेषणच नाही. पहिल्या दोन कडव्यांच्या सुरुवातीच्या ओळीत विणण्याची वेळ सांगितली आहे. तिसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला वेळेच्या जागी विणकरांची मुद्रा आली आहे, गंभीर आणि निश्चल, आणि चांदणे खालच्या ओळीत सरकले आहे. म्हणजे विचारणाऱ्याला आधी वस्त्र काय आहे ते दिसत होते, फक्त कारण हवे होते. शेवटी त्याला वस्त्र ओळखूच येत नाही, किंवा ओळखायचे नाही. मृत्यूचा शब्द उच्चारण्याआधीच प्रश्नाच्या घडणीतून तो जाणवू लागतो. बारा ओळींच्या कवितेत हे सगळे उघड्यावर पडलेले आहे, त्यासाठी कोणत्याही टीकाग्रंथाची गरज नाही. तीन कडवी एकाखाली एक ठेवून काय तेच राहिले आणि काय बदलले, एवढे पाहिले की पुरे. कडव्यांची रचना सारखी असलेल्या कोणत्याही कवितेत हा पहिला प्रश्न विचारावा, कारण कवी साचा बांधतो तो बहुधा एका जागी मोडण्यासाठी.

दुसरी कविता दिलीप चित्रे यांची 'फादर रिटर्निंग होम'. मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या, तुकोबांचे अभंग 'सेज तुका' या नावाने इंग्रजीत नेणाऱ्या या कवीची ही चोवीस ओळींची मुक्तछंदातली कविता. पहिल्या बारा ओळींत रात्रीच्या लोकलमधून पावसाळ्यात भिजत परतणारे वडील, पुढच्या बारा ओळींत घरातले वडील. गाइड सांगते: ज्येष्ठांचे एकाकीपण, पिढ्यांमधले अंतर. बरोबर आहे, पण हे अंतर कवितेत आहे कुठे? पहिल्या भागाच्या अखेरीस घाई करण्याचे क्रियापद दोनदा येते. चिखलाने चपला चिकटत असतानाही माणूस घराकडे धावतो आहे. दुसऱ्या भागात मात्र घाई करण्याजोगे काहीच नाही: फिका चहा, शिळी चपाती, पुस्तक. ज्याच्यासाठी धावाधाव केली ते घर त्याची वाट पाहत नव्हते, ही गोष्ट कवी सांगत नाही, दोन अर्धुकांच्या वेगातून दाखवतो. निवेदकाकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट हाती येते. कवितेचा पहिलाच शब्द वडिलांना 'माझे' म्हणतो. निवेदक दोन ठिकाणी स्वतः सांगतो की तो त्यांना पाहतो आहे. पण वडिलांशी हसणे-बोलणे टाळणाऱ्या मुलांचा उल्लेख येतो, तेव्हा तो 'आम्ही' म्हणत नाही, 'त्यांची मुले' म्हणतो. अपराधाच्या जागी आल्यावर निवेदक स्वतःला बाजूला काढून घेतो. आणि शेवटी वडिलांना स्वप्न पडते ते पूर्वजांचे आणि नातवंडांचे. मधली पिढी, म्हणजे घरातली मुले, त्या स्वप्नात नाहीत. अख्ख्या कवितेत कोणी कोणाशी एक शब्द बोलत नाही. रेडिओसुद्धा फक्त खरखर ऐकवतो. पिढ्यांमधले अंतर हा शब्दप्रयोग पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला एक वाक्य मिळते. या जागा पाहिलेल्या विद्यार्थ्याला चार पुरावे मिळतात, आणि त्यांतला कोणताही त्याला पाठ करावा लागत नाही.

अलंकारांचेही असेच आहे. 'फिगर ऑफ स्पीच ओळखा' या कृतीमुळे अलंकार म्हणजे नाव ठेवण्याचा विषय झाला आहे. सिमिली, मेटाफर, अलिटरेशन, इन्व्हर्जन अशी चिठ्ठी ओळीला डकवली की काम संपले असे वाटते. त्या दोन गुणांपुरते संपतेही. पण रसग्रहणात नावापेक्षा अलंकाराने केलेले काम महत्त्वाचे असते. चित्र्यांच्या कवितेत गाडीतून उतरणाऱ्या वडिलांना लांब वाक्यातून गळलेल्या शब्दाची उपमा दिली आहे. ही उपमा आहे हे सांगणे सोपे. त्यापुढे विचारायला हवे: एक शब्द गळला तर वाक्याचे काय होते? ते पुढे जातच राहते, बहुधा वाचणाऱ्याला कळतही नाही. आणि गळलेल्या शब्दाचे? वाक्याबाहेर त्याला अर्थ उरत नाही. गर्दी, गाडी, शहर यांचे त्या माणसावाचून काही अडत नाही, हे सगळे त्या एका उपमेत सामावले आहे. शिवाय ती उपमा पुस्तके वागवणाऱ्या, घरी आल्यावरही वाचत बसणाऱ्या माणसासाठी योजली आहे, म्हणून ती भाषेच्या जगातली आहे. असे दोन प्रश्न प्रत्येक अलंकाराला विचारावेत: तुलना ज्याच्याशी केली त्याचा कोणता गुण इथे कामाला आला, आणि दुसरे काही न घेता कवीने हेच का घेतले?

आता स्मरणशक्तीचा पुरावा. उजळणी म्हणजे पुन्हा पुन्हा वाचणे, असे आपण धरून चालतो. 2006 मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी याची परीक्षा घेतली. विद्यार्थ्यांना छोटे गद्य उतारे दिले. काहींनी तो उतारा पुन्हा वाचला. काहींनी उतारा बाजूला ठेवून जेवढे आठवते तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्याने घेतली तेव्हा चित्र पालटले. ज्यांनी आठवून लिहिले होते त्यांच्या लक्षात बरेच जास्त राहिले. आणखी एक बाब त्याच अभ्यासात दिसली: पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांचा आत्मविश्वास जास्त होता. आपल्याला येते असे त्यांना वाटत होते, कारण पान ओळखीचे झाले होते. पान ओळखीचे होणे आणि पान मिटल्यावर मजकूर हाताशी असणे यांत फरक आहे, आणि परीक्षा दुसऱ्या गोष्टीची असते. 2013 मध्ये जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला, तेव्हा स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागणे या दोन पद्धती सर्वांत उपयुक्त ठरल्या. पुन्हा वाचणे आणि ओळी अधोरेखित करणे या दोन पद्धती खालच्या गटात राहिल्या. आपल्याकडच्या उजळणीत रंगीत हायलायटरचा खप याच दोन पद्धतींसाठी होतो.

मग कवितेची उजळणी कशी करावी? पहिल्या दिवशी कविता मोठ्याने वाचावी आणि वाक्य संपेल तिथेच थांबावे, ओळ संपेल तिथे नव्हे. कवितेत शब्दांचा क्रम पुष्कळदा उलटा असतो, म्हणून प्रत्येक वाक्याचा कर्ता आणि क्रियापद शोधावे; रिचर्ड्सच्या विद्यार्थ्यांची पहिली चूक इथेच झाली होती. अर्थ मराठीत, स्वतःच्या शब्दांत, एकेका वाक्यात लिहावा. दोन-तीन दिवसांनी पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर कवितेचा सांगाडा लिहावा: कोण बोलते, कोणाशी, कुठून सुरुवात, वळण कुठे, शेवट काय, कोणते शब्द किंवा प्रतिमा आठवतात. मग पुस्तक उघडून काय सुटले ते दुसऱ्या शाईने भरावे. सुटलेल्या जागा हीच पुढच्या उजळणीची यादी. आठवड्याने पुन्हा कोरा कागद घ्यावा, आणि या वेळी रसग्रहणाचे सहा मुद्दे इंग्रजीत, प्रत्येकी एक-दोन वाक्यांत, घड्याळ लावून लिहावेत. चार गुणांच्या उत्तराला लांबी लागत नाही, नेमकेपणा लागतो. आणि निवडक ओळी पाठ कराव्यात. पाठांतराला नावे ठेवण्याची आता रीत झाली आहे, पण ओव्या आणि अभंग तोंडपाठ असणाऱ्या माणसांनी मराठी भाषा जपली आहे. आक्षेप पाठांतराला नाही, परक्याच्या मताच्या पाठांतराला आहे. पाठ असलेली ओळ मनात फिरत राहते आणि नवे अर्थ देते. पाठ असलेले रसग्रहण मात्र होते तेवढेच राहते, आणि त्यातले एक वाक्य विसरले की पुढचे सगळेच हातचे जाते.

आणखी एक पायरी बहुतेकांच्या वेळापत्रकात नसते, ती म्हणजे कविता एकमेकींशेजारी ठेवण्याची. नेट कॉर्नेल आणि रॉबर्ट ब्यॉर्क यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना बारा चित्रकारांची चित्रे दाखवली. काही चित्रकारांची चित्रे सलग, काहींची एकमेकांत मिसळून. नंतर न पाहिलेली चित्रे दाखवून ती कोणाची हे विचारले, तेव्हा मिसळून पाहिलेल्या चित्रकारांची शैली लोकांना जास्त चांगली ओळखता आली. बहुतेकांना मात्र सलग पाहणेच जास्त उपयोगी पडले असे वाटत होते. कारण समजायला कठीण नाही: शैली कळते ती फरकातून. वर पाहिलेल्या दोन कविता शेजारी ठेवल्या तर लगेच दिसते की एकीत बाहेरचा माणूस तीनदा प्रश्न विचारतो आणि तीनदा त्याला उत्तर मिळते. दुसरीत घरचा माणूस पाहतो, पण एकही प्रश्न विचारत नाही. नायडूंची कविता गाण्यासारखी बांधीव आणि चित्र्यांची सैल का, याचे उत्तर या तुलनेतून मिळते. एकीत समूहाचे, परंपरेचे जगणे आहे आणि दुसरीत तुटलेल्या एकट्या माणसाचे. तशीच डब्ल्यू. एच. डेव्हिसची 'मनी' व्हिटमनच्या कवितेशेजारी ठेवावी, आणि सौदीची 'द इंचकेप रॉक' बायरनच्या 'शी वॉक्स इन ब्यूटी'शेजारी. एका दिवशी एकच कविता संपवण्यापेक्षा दोन कविता अर्ध्या-अर्ध्या केल्या तर वेळ तेवढाच लागतो, मिळकत दुप्पट होते.

कवीच्या चरित्राचे काय करायचे? गाइडमध्ये जन्म, मृत्यू, पुरस्कार आणि ग्रंथांची नावे असतात, आणि पहिल्या मुद्द्यात ती जशीच्या तशी उतरवली जातात. इथे एकच नियम पाळावा: जी माहिती ओळीवर प्रकाश टाकते ती लिहावी, बाकी सोडून द्यावी. डेव्हिसने आयुष्याची कित्येक वर्षे अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये भटक्या म्हणून काढली आणि त्या अनुभवावर आत्मचरित्र लिहिले, हे ठाऊक असले की 'मनी'मधल्या गरिबीच्या मैत्रीला वजन येते. ते ऐकीव तत्त्वज्ञान राहत नाही. इंचकेप खडकाची भरतीच्या वेळी पाण्याखाली जाण्याची सवय, आणि रॉबर्ट स्टीव्हन्सनने तिथे बांधलेले दीपगृह 1811 मध्ये पेटले ही नोंद, या दोन्ही गोष्टी उपयोगी आहेत, कारण सौदीची कविता त्याआधीची आहे. तिच्या पहिल्या वाचकांसाठी तो खडक दंतकथा नव्हता, अंधारातला खरा धोका होता. खडकाजवळ जहाजांना सावध करणारी घंटा कापणाऱ्या, कवितेतल्या राल्फच्या गुन्ह्याचे गांभीर्य त्यांना समजावून सांगावे लागत नव्हते. याउलट बायरनच्या प्रवासांची यादी त्याच्या कवितेतल्या रात्रीबद्दल काहीच सांगत नाही. तिथे विचारायचे ते असे, की सौंदर्याची तुलना सहसा उजेडाशी केली जाते, मग या कवीने ताऱ्यांची रात्र का निवडली?

या सगळ्यावर पहिला आक्षेप वेळेचा येतो. फिजिक्स, गणित, अकाउंटन्सी, प्रवेश परीक्षा एवढे सगळे डोक्यावर असताना 14 गुणांसाठी इतका खटाटोप कोण करणार? हिशेब करून पाहावा. आठ तयार रसग्रहणे पाठ करायची म्हणजे कित्येक पाने इंग्रजी गद्य शब्दशः लक्षात ठेवायचे, आणि ते परीक्षेपर्यंत टिकावे म्हणून पुन्हा पुन्हा घोकायचे. त्यातले बरेचसे त्या चार गुणांपलीकडे कामाला येत नाही. आठ कविता मात्र मिळून थोड्याच पानांच्या आहेत. त्या नीट वाचल्या तर रसग्रहणाचे चार गुण आणि ओळींवरच्या कृतींचे दहा गुण एकाच तयारीत येतात, कारण कोणत्या ओळी येतील हे माहीत नसले तरी प्रत्येक ओळ ओळखीची असते. शिवाय न पाहिलेला गद्य उतारा वाचण्याची सवय हीच आहे. वेळ कमी आहे हे खरे आहे, आणि म्हणूनच तो गाइडवर घालवणे परवडणारे नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मराठी माध्यमातून, लहान गावांतून आलेल्या मुलामुलींचा आहे: आमचे इंग्रजीच कच्चे, आम्ही स्वतःचे रसग्रहण कसे लिहिणार? पण विचार इंग्रजीत करावा अशी अट कुठेही नाही. उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती, अनुप्रास, विरोधाभास हे सगळे या मुलांनी मराठीच्या पुस्तकात शिकलेले असते, आणि मराठीच्या पेपरात रसग्रहणही लिहिलेले असते. ती तयारी इंग्रजीच्या वर्गाबाहेर ठेवून यायचे काही कारण नाही. ओळीत काय दिसते ते मराठीत ठरवावे, मग छोट्या इंग्रजी वाक्यांत मांडावे. त्यासाठी पंधरा-वीस क्रियापदे पुरतात: कवी दाखवतो, सुचवतो, तुलना करतो, पुन्हा आणतो, बदलतो. तिसऱ्या कडव्यात प्रश्न बदलतो, हे सांगायला आठ-दहा सोपे इंग्रजी शब्द लागतात. ते वाक्य साधे असेल, त्यात एखादी व्याकरणाची चूकही असेल, पण ते नायडूंच्या कवितेबद्दलचे खरे वाक्य असेल. पाठ केलेल्या डौलदार परिच्छेदात ते नसते, आणि शिवाय न कळलेले इंग्रजी पाठ करण्याचा सर्वांत मोठा बोजा याच विद्यार्थ्यांवर पडतो.

तिसरा आक्षेप असा की परीक्षकाला वेगळा अर्थ अपेक्षित असेल तर? कवितेचे अर्थ अनेक असतात म्हणतात, मग माझा अर्थ चूक ठरला तर गुण कोण देणार? भीती खरी आहे, पण तिचा उपाय गाइड नाही, पुरावा आहे. अर्थ अनेक असतात याचा अर्थ कोणताही अर्थ चालतो असा नव्हे. ज्याला ओळींचा आधार दाखवता येतो तो अर्थ टिकतो. 'फादर रिटर्निंग होम'मधला निवेदक पश्चात्ताप करतो आहे असे एक विद्यार्थी म्हणेल, तो अलिप्त आहे असे दुसरी म्हणेल. दोघांनीही 'त्यांची मुले' या शब्दांकडे बोट दाखवले तर दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. संदेशाच्या मुद्द्यावरही असेच प्रामाणिक राहता येते. ही कविता उपदेश करत नाही, ती वाचकाला एका घरातला अबोला दाखवते आणि निर्णय त्याच्यावर सोपवते, असे लिहिणे हे त्या मुद्द्याचे पूर्ण उत्तर आहे. प्रत्येक कवितेच्या तोंडी सुविचार घालावा अशी मागणी तो मुद्दा करत नाही.

शेवटचा आक्षेप कवितेवर प्रेम करणाऱ्यांकडून येतो: एवढी चिरफाड केली तर कवितेची गोडी उरेल का? गोडी जाते ती विश्लेषणामुळे नाही, दुसऱ्याने केलेले विश्लेषण गिळावे लागल्यामुळे. आपल्याकडे वारकरी कीर्तनात एकच अभंग निरूपणाला घेतात आणि त्याच्या एकेका चरणावर थांबत दोन-दोन तास बोलतात. शब्द का आला, आधी कोणता आला, दुसऱ्या संताने हेच कसे म्हटले, असे सगळे उलगडतात. ऐकणारे कंटाळून उठत नाहीत, अभंग आणखी आपलासा करून घरी जातात. बारकाईने पाहणे हा कवितेचा अपमान असता, तर ही परंपरा शतकानुशतके टिकली नसती. जिथे विश्लेषण कोरडे होते तिथे बहुधा ते अर्ध्यावर थांबलेले असते: अलंकाराचे नाव सांगितले, काम सांगितले नाही, यमकाची रचना लिहिली, ती कुठे आणि का बदलली हे पाहिले नाही.

परीक्षेची चौकट तोकडी आहे, हे मान्य करायला हरकत नाही. चार गुणांत कविता मावत नाही, आणि सहा मुद्द्यांची यादी प्रत्येक कवितेला सारखी बसत नाही. ती चौकट बदलावी यासाठी शिक्षकांनी आणि मंडळाने विचार करायला हवा. पण आजच्या चौकटीतही प्रामाणिक वाचनाला जागा आहे, आणि ते वाचन गुणांच्या आड येत नाही. तेव्हा वर्ष सरत आले असेल तर आजपासून एवढे करा: गाइड बाजूला ठेवा, पुस्तक उघडा आणि आठ कविता मोठ्याने वाचा. सगळ्या मिळून अर्ध्या तासात वाचून होतात. मग पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या, आणि जी कविता सर्वांत कमी आठवते तिच्यापासून लिहायला सुरुवात करा.